जुन्या घाटाच्या हिऱ्याची पारख : परीक्षकाच्या निवडीचा इतिहास

१

नांदेडपासून काही मैलांवर असलेले मुदखेड आज रेल्वेचे एक जंक्शन म्हणून परिचित आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामी राज्यात मोडत असे, आणि व्यापार, दरबार व दागदागिने यांच्या बाबतीत त्याचे तोंड पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादकडे अधिक होते. अशा प्रदेशातील एखाद्या जुन्या घराण्यात नथीत, कुडीत अगर अंगठीत पणजीच्या काळचा हिरा असणे अशक्य नाही. समजा, वाटणीच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने असा एक हिरा पेटीतून बाहेर निघाला व नांदेडच्या सराफ्यात दाखविला गेला. सराफ तो भिंगाखाली धरील, घाट जुना आहे असे म्हणेल, आणि किंमत सांगण्यापूर्वी 'सर्टिफिकेट करून आणा' असा सल्ला देईल. प्रश्न उरतो तो हा, की सर्टिफिकेट आणावयाचे कोठून? मुंबईत प्रतवारी करणाऱ्या प्रयोगशाळा एकाहून अधिक आहेत, जयपुरास आहे, परदेशातही आहेत. सगळ्यांची नावे मोठी, सगळ्यांची उपकरणे अचूक; मग कोणतीही निवडली तरी काय बिघडते?

वरवर पाहता हा प्रश्न केवळ व्यवहाराचा आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. हिऱ्याची परीक्षा ही सर्व काळी एकच गोष्ट नव्हती. प्रत्येक काळातील परीक्षकाने हिऱ्याला आपापले प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांना चांगली उत्तरे देता यावीत म्हणून हिऱ्याचा घाट बदलण्यात आला. जुन्या घाटाचा हिरा म्हणजे एका काळाच्या प्रश्नांना दिलेले, दगडात कोरलेले उत्तर होय. तो दुसऱ्या काळाच्या परीक्षकापुढे ठेवला, की त्याचे गुण दोष ठरण्याचा संभव असतो. हे कसे घडत आले ते पाहिल्याखेरीज प्रयोगशाळेची निवड डोळसपणे करता येणार नाही.

येथे 'जुना घाट' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. भारतीय कारागिरीत पोलकी म्हणून ओळखला जाणारा, नैसर्गिक स्फटिकाचा आकार शक्य तितका राखून चपटा घासलेला हिरा; सतराव्या-अठराव्या शतकांत खड्याच्या मूळ आकाराला अनुसरून अनेक लहान पैलू पाडलेला हिरा; एकोणिसाव्या शतकातील उशीसारख्या चौकोनी गोलाईचा 'ओल्ड माइन' घाट; आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रचारात असलेला गोल 'ओल्ड युरोपियन' घाट, या सर्वांचा समावेश त्यात होतो. शेवटच्या दोन प्रकारांत माथ्यावरचा सपाट पैलू लहान, माथा उंच, खालचे पैलू आखूड व रुंद, आणि तळाचे टोक छाटलेले असते. वरून पाहिले असता मध्यभागी एक लहानसे वर्तुळ दिसते, ते या छाटलेल्या टोकामुळे.

२

भारतीय रत्नपरीक्षेची परंपरा प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्र, वराहमिहिराची बृहत्संहिता, बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत असे अनेक ग्रंथ या संदर्भात सांगता येतात. मराठवाड्याच्या दृष्टीने यांतील सर्वांत निकटचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात असल्याचा उल्लेख आहे, आणि त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. राजाच्या कोशाचा विचार करताना त्याच ग्रंथात रत्नांचीही चर्चा येते. सोमेश्वराची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फारशी दूर नाही.

या परंपरेतील आदर्श हिरा हा पैलू पाडलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सहा टोके, आठ समान पृष्ठे आणि बारा तीक्ष्ण धारा असलेला नैसर्गिक स्फटिक हेच उत्तम वज्राचे लक्षण मानले गेले. आजचे स्फटिकशास्त्र ज्याला अष्टफलक म्हणते तोच हा आकार. वजनासाठी बृहत्संहितेने तांदळाचा दाणा हे माप घेतले आहे. दोषांची नावेही ठरलेली होती : मल, बिंदू, यव, रेखा, काकपद. यांतील काकपद हा शब्द भाषेच्या अभ्यासकाला विशेष रंजक वाटावा. हस्तलिखितात मजकूर गळला आहे हे दाखविण्यासाठी लेखनिक जी खूण करीत, तिलाही काकपदच म्हणत. कावळ्याच्या पावलासारखी एक आकृती पोथीत उणीव दाखवी, तीच हिऱ्यातही उणीव दाखवी. अगस्तिमतात तर घासून वा कापून घडविलेल्या हिऱ्याचा गुण नष्ट होतो अशा आशयाचे मत आलेले आहे. सारांश, या परीक्षकाचा पहिला प्रश्न 'हा निसर्गतः कसा आहे?' असा होता. 'हा किती कौशल्याने घडविला आहे?' हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

मराठीतील रत्नविषयक शब्दसंपत्तीही याच दिशेने बोलते. हिऱ्याला 'पाणी' असते, तो 'पाणीदार' असतो. लहान हिरा ती 'हिरकणी'. 'पैलू पाडणे' हा प्रयोग मात्र कारागिराच्या कामाचा आहे, आणि त्याचा लाक्षणिक अर्थ, म्हणजे संस्कार करून गुण प्रकट करणे, आज मूळ अर्थाइतकाच रूढ आहे. वजनाचे 'रती' हे नाव संस्कृत 'रक्तिका' म्हणजे गुंजेचे बी यावरून आले. 'कॅरट' हा शब्द ग्रीक व अरबी या मार्गाने, दुसऱ्या एका झाडाच्या बीच्या नावावरून आला. दोन्ही मापे बियांची, परंतु दोन्हींचे वजन एक नव्हे. जुन्या कागदपत्रांतील आकडे वाचताना होणाऱ्या गोंधळाचे बीज येथेच आहे.

३

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या झां-बातिस्त ताव्हर्निये हा हिऱ्यांच्या व्यापारासाठी दख्खनेत वारंवार आला. सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्यास जाणाऱ्या रस्त्याचे टप्पे त्याने नोंदविले आहेत. त्यांत नदी ओलांडण्याच्या ज्या 'नादूर' नावाच्या ठिकाणाचा उल्लेख येतो ते गोदावरीकाठचे नांदेड होय असे मानले जाते. म्हणजे गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या व्यापाराचा एक मार्ग मुदखेडच्या परिसरातून जात होता.

ताव्हर्नियेचा ग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिऱ्याच्या परीक्षेसंबंधी त्याने दिलेली माहिती फार महत्त्वाची आहे. युरोपीय व्यापारी हिऱ्याचे पाणी दिवसाच्या उजेडात पाहत. येथील व्यापारी ते रात्री पाहत : भिंतीत सुमारे फूटभर चौरस कोनाडा करून त्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवीत, आणि बोटांच्या चिमटीत धरलेला खडा त्याच्या प्रकाशात तपाशीत. हिऱ्यात निळसर झाक आहे की नाही हे पाहण्याचा निश्चित उपाय म्हणून खडा दाट पानांच्या झाडाखाली नेऊन हिरव्या छायेत पाहावा, असेही तो सांगतो. एकाच हिऱ्याची परीक्षा तीन उजेडांत होत होती, आणि प्रत्येक उजेड वेगळी गोष्ट सांगत होता.

पैलूंविषयी त्याचे निरीक्षण याहूनही बोलके आहे. खडा निर्मळ असेल तर भारतीय कारागीर त्याला चाकावर वरखाली नुसता लावी. वजन कमी होईल या भयाने त्याला निराळा आकार देण्याच्या भरीस पडत नसे. खड्यात डाग वा रेषा असेल तर मात्र तो सर्व अंगांनी लहान लहान पैलू पाडून ती झाकून टाकी. त्यामुळे पैलूंची गर्दी हे या परंपरेत पुष्कळदा सौंदर्याऐवजी संशयाचे चिन्ह ठरे. युरोपात नेमकी उलट समजूत वाढत होती : पैलू हेच तेजाचे साधन, आणि तेजासाठी वजन खर्ची घालण्यास हरकत नाही. या दोन दृष्टींची गाठ पडली तेव्हा भारतीय घाटाच्या हिऱ्यांचे काय झाले, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे.

४

नाशिकच्या नावाने जगात 'नासक डायमंड' म्हणून प्रसिद्ध असलेला हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयात होता, अशी परंपरा आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, बाजीराव दुसरा याच्या पाडावाच्या वेळी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला व १८१८ मध्ये लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला. भारतीय घाटाचा हा त्रिकोणी हिरा त्या वेळी सुमारे ९० कॅरट वजनाचा होता. रंडेल अँड ब्रिजने आकार बहुतांशी राखून तो तेजासाठी पुन्हा पैलू पाडून घेतला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला.

या दुसऱ्या अवस्थेतील वजन जुन्या ग्रंथांत ७८ ५/८ कॅरट, तर नंतरच्या याद्यांत ८०.५९ कॅरट असे आढळते. अनभिज्ञ वाचकाला हे दोन हिरे वाटावेत. परंतु पहिला आकडा इंग्लंडातील जुन्या कॅरटचा आणि दुसरा २०० मिलिग्रॅमच्या मेट्रिक कॅरटचा आहे. १९०७ मध्ये मान्यता मिळालेले हे माप पुढील काही वर्षांत देशोदेशी रूढ झाले. दगड तोच, परीक्षकाचे माप बदलले.

१९२७ मध्ये पॅरिसचा जवाहिऱ्या जॉर्ज मोबूसां याने हा हिरा अमेरिकेत आणला, तेव्हा एक विलक्षण वाद उभा राहिला. त्या देशाच्या जकात कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तूंना जकात माफ होती. मग हा हिरा कलात्मक पुराणवस्तू मानावा, की जडावाच्या उपयोगाचा एक कापलेला खडा? हा प्रश्न जकात न्यायालयांपुढे गेला. निकालाइतकाच हा प्रश्नही उद्बोधक आहे. भूगर्भात सर्वच हिरे अतिप्राचीन; तेव्हा हिऱ्याचे 'वय' म्हणजे त्याच्या घाटाचे वय होय. १८१८ पासून १९२७ पर्यंत जेमतेम १०९ वर्षे होतात. लंडनच्या कारागिराने जुना घाट पुसला तेव्हा हिऱ्याचे वयही नव्याने मोजण्याची पाळी आली.

पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने हा हिरा घेतला व त्याला पाचूच्या खड्यासाठी रूढ असलेला चौकोनी पायऱ्यांचा घाट दिला. वजन ४३.३८ कॅरट उरले. म्हणजे आधीच्या वजनापैकी जवळजवळ ४६ टक्के गेले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जो हिरा विकला गेला तो हाच. त्याला आज नाशिकचा हिरा म्हणतात ते केवळ नावाच्या सातत्यामुळे; त्र्यंबकेश्वराच्या परंपरेशी नाते सांगणारे एकही पृष्ठ त्याच्यावर उरले असेल असे वाटत नाही.

कोहिनुराची कथा याच जातीची आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला गेला तेव्हा प्रेक्षकांची निराशा झाली. भारतीय घाटाचा हिरा काचमहालाच्या उजेडात त्यांच्या अपेक्षेप्रमाणे चमकेना. १८५२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे कारागीर बोलावून तो पुन्हा घासण्यात आला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गमावून १०५.६ कॅरटचा झाला. दोष हिऱ्याचा नव्हता. त्याला त्याच्या भाषेत न बोलणारा प्रेक्षक मिळाला होता.

५

निजामी राज्यातील सर्वांत गाजलेले हिऱ्याचे प्रकरण १८९१ चे आहे. सिमल्याचा व्यापारी अलेक्झांडर माल्कम जेकब याने सहावा निजाम महबूब अली खान यास एक प्रचंड हिरा विकण्याचा व्यवहार ठरविला. किंमत ४६ लाख रुपये ठरली व २३ लाख रुपये आगाऊ देण्यात आले. हिरा प्रत्यक्ष समोर आल्यावर निजामाने तो नापसंत केला; रक्कम परत मिळेना; आणि प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात फौजदारी खटल्याच्या रूपाने गेले. जेकब निर्दोष सुटला. हिरा शेवटी निजामाकडेच राहिला व 'जेकब हिरा' या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचे वजन १८४.७५ कॅरट असून त्याला उशीच्या आकाराचा युरोपीय घाट आहे. पुढे तो सातव्या निजामाने कागदावर वजन म्हणून वापरला अशी आख्यायिका आहे. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांस घेतले, त्यात तो आला. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो लोकांना पाहता आला.

या प्रकरणाचा बोध वेगळा आहे. एवढ्या मोठ्या व्यवहारात दोन्ही पक्षांना बंधनकारक ठरेल असा तटस्थ परीक्षक नव्हता. विक्रेत्याचा शब्द आणि खरेदीदाराची पसंती यांच्यामध्ये तिसरे काहीच नव्हते. 'नापसंत' हा शब्द हिऱ्याविषयी काही सांगत नाही. तो पाहणाऱ्याविषयी सांगतो. अशा स्थितीत हिऱ्याचे वर्णन पाहणाऱ्याच्या मर्जीपासून सुटे करील, अशी संस्था निघणे ही काळाची गरज होती.

६

ही गरज विसाव्या शतकातील प्रयोगशाळांनी भागविली. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे १९२३ मध्ये ग्यूबेलिन प्रयोगशाळेचा आरंभ झाला. १९३१ मध्ये रॉबर्ट शिप्ले यांनी अमेरिकेत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए ही संस्था स्थापन केली, आणि १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड लिडिकोट यांच्या पुढाकाराने रंग व स्वच्छता यांची आज सर्वत्र रूढ असलेली प्रतवारी तिने प्रचारात आणली. त्यापूर्वी रंगांना 'रिव्हर', 'वेसेल्टन', 'केप' अशी नावे असत. ती बहुतेक खाणींवरून वा प्रदेशांवरून आलेली होती. त्यांच्या जागी डी पासून झेड पर्यंतची अक्षरे आली. आरंभ ए ऐवजी डी पासून केला, कारण ए, बी, सी ही अक्षरे व्यापाऱ्यांनी आधीच वाटेल तशी वापरून निरर्थक करून ठेवली होती. प्रदेशाचे नाव जाऊन अक्षर आले, म्हणजे परीक्षा हिऱ्याच्या जन्मापासून सुटी झाली. हा मोठाच लाभ होता.

परंतु याच लाभात जुन्या घाटाच्या हिऱ्याची अडचण दडलेली आहे. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की याने गोल हिऱ्याच्या कोनांचे गणित मांडले, आणि विसाव्या शतकाचा आदर्श हिरा त्या दिशेने घडत गेला. जीआयएच्या अहवालात २००६ पासून घाटाची प्रत दिली जाऊ लागली, ती फक्त याच आधुनिक गोल घाटाला. 'ओल्ड युरोपियन ब्रिलियंट' किंवा 'ओल्ड माइन ब्रिलियंट' असे वर्णन करून प्रयोगशाळा जुन्या हिऱ्याचा आकार सांगते, पण त्याला घाटाची प्रत देत नाही. हे योग्यच आहे. परंतु कोरी राहिलेली ती जागा अनभिज्ञ गिऱ्हाइकाला उणिवेसारखी वाटते. रंगाची परीक्षा खडा पालथा धरून, ठरावीक दिव्याखाली, नमुन्याच्या खड्यांशी ताडून होते. उताणा हिरा समईच्या उजेडात कसा दिसतो हा प्रश्नच तेथे नसतो. शंभर वर्षांच्या वापराने कडेला पडलेले बारीक टवके स्वच्छतेच्या प्रतीत दोष म्हणून मोजले जातात.

येथून मोह सुरू होतो. किंचित घासले तर टवके जातात, स्वच्छतेची प्रत वाढते, कदाचित रंगाचीही. २००८ मध्ये लंडनमध्ये लिलावात विकला गेलेला ऐतिहासिक निळा विटल्सबाख हिरा ३५.५६ कॅरटचा होता. नव्या मालकाने, लॉरेन्स ग्राफ यांनी, तो पुन्हा घासून घेतला, वजन ३१.०६ कॅरट झाले. अहवालात रंगवर्णनातील करडेपणाचा उल्लेख गेला व स्वच्छतेची प्रत 'व्हीएस-२' वरून अंतर्गत निर्दोषतेपर्यंत चढली. व्यापाराच्या दृष्टीने हे यश होते. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली, कारण शतकानुशतके टिकलेली पृष्ठे दोन वर्षांत गेली. १८५२ मध्ये प्रेक्षकांच्या अपेक्षेने जे केले, ते येथे प्रतवारीच्या कोष्टकाने केले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. १६४२ मध्ये गोवळकोंड्यास ताव्हर्नियेने एक मोठा चपटा हिरा पाहिला. तो त्याला विकत मिळाला नाही. पण त्याने त्याचे वजन नोंदविले, आकृती काढली, आणि शिशाचा नमुना करवून सुरतेच्या स्नेह्यांकडे पाठविला. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी, १९६५ मध्ये, कॅनडाच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियमच्या तज्ज्ञांनी तेहरानातील राजरत्नांची मोजमापे घेतली, तेव्हा दर्या-इ-नूर व नूर-उल-ऐन हे दोन हिरे त्या एका हिऱ्यातून कापले गेले असावेत असा निष्कर्ष त्यांना काढता आला. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात २००७ मध्ये असाच एक शिशाचा नमुना सापडला, आणि फ्रान्सच्या राजमुकुटातील हरवलेला निळा हिराच पुढे 'होप' झाला या अनुमानाला भक्कम आधार मिळाला. दोन्ही प्रसंगी उपयोगी पडले ते वर्णन. प्रत किती लावली होती, हे त्या कामी निरुपयोगी ठरले असते.

७

या पार्श्वभूमीवर मुदखेडच्या त्या कल्पित कुटुंबाचा प्रश्न पुन्हा घेता येईल. भारतात आज प्रयोगशाळांचा तुटवडा नाही. जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून आहे. इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयजीआय, १९९९ पासून मुंबईत आहे. जीआयएची मुंबईतील प्रयोगशाळा २००८ मध्ये सुरू झाली. निवड करताना नावाच्या मोठेपणापेक्षा, आपल्या हिऱ्याला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हे आधी ठरविले पाहिजे.

पहिला प्रश्न कोंदणाचा. जीआयए हिऱ्याची प्रतवारी सुट्या खड्याचीच करते. आयजीआयसारख्या संस्था जडविलेल्या दागिन्यावरही अहवाल देतात, पण जडविलेल्या खड्याचे वजन व रंग यांना स्वभावतःच मर्यादा राहतात. कुंदनात बसविलेल्या, मागे चकाकीचा पत्रा असलेल्या पोलकी हिऱ्याच्या बाबतीत खडा काढणे म्हणजे जडाव मोडणे होय. जेथे जडाव हाच वारसा आहे तेथे सुट्या खड्याची प्रत मिळविण्यासाठी तो मोडणे हे विटल्सबाखच्या चुकीचेच छोटे रूप ठरेल. अशा दागिन्यासाठी जडलेल्या स्थितीतच तपासणी करणारी संस्था योग्य.

दुसरा प्रश्न खडा नैसर्गिक आहे की नाही, आणि त्यावर रंग पालटण्याची प्रक्रिया झाली आहे काय, हा. जुना घाट हा आता जुनेपणाचा पुरावा राहिलेला नाही. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यालाही आज तसे पैलू पाडता येतात. येथे उपकरणांनी सुसज्ज अशी मोठी प्रयोगशाळाच हवी. घराण्याची सांगोवांगी पुरेशी नाही.

तिसरा प्रश्न उगमाचा, आणि मराठवाड्यातील कुटुंबाला तो सर्वांत भुरळ घालणारा. घरातील हिरा गोवळकोंड्याचा आहे असे म्हणावयास कोणाला आवडणार नाही? गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांपैकी अनेक हिरे नायट्रोजनविरहित अशा 'टू-ए' वर्गात मोडतात. काही स्विस प्रयोगशाळा अशा जुन्या घाटाच्या खड्याबरोबर दिलेल्या पत्रात 'गोवळकोंडा' हे नाव वापरतात. जीआयएच्या पत्रातील भाषा सावध असते : असे हिरे प्रथम भारतातील म्हणून ओळखले गेले, तथापि पुढे जगातील सर्व प्रमुख क्षेत्रांत सापडले, असा तिचा आशय आहे. दोन्ही विधाने एकाच मोजमापावर उभी आहेत. फरक विज्ञानाचा नसून वाक्यरचनेचा आहे, आणि बाजारात त्या वाक्यरचनेची किंमत मोजली जाते. खुद्द जेकब हिराही निजामाच्या खजिन्यात असूनही गोवळकोंड्याचा नव्हे, आफ्रिकेचा मानला जातो, हे येथे स्मरणात ठेवावे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. गिऱ्हाईक 'सर्टिफिकेट' म्हणते. जीआयएसारखी संस्था आपल्या कागदाला 'रिपोर्ट' म्हणजे अहवाल म्हणते, आणि त्यात किंमत सांगत नाही. प्रमाणपत्र हमी देते, अहवाल पाहिलेले सांगतो. हा भेद लक्षात आला तर कागदावरील कोऱ्या जागेची भीती उरत नाही. घाटाची प्रत नसणे म्हणजे घाट वाईट असणे नव्हे, हे उमगते.

म्हणून क्रम असा असावा. प्रयोगशाळेत पाठविण्यापूर्वीच दागिन्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत, कोंदणाचे वर्णन लिहून ठेवावे, घरात त्याविषयी जे सांगितले जाते तेही, ते ऐकीव आहे अशी नोंद करून, टिपून ठेवावे. त्यानंतर जुन्या घाटाला त्याच्या नावाने ओळखणारी, पैलूंची आकृती व मापे देणारी प्रयोगशाळा निवडावी. प्रत अपेक्षेहून कमी आली आणि कोणी 'थोडे घासून घ्या' असे सुचविले, तर त्या थोड्याचा हिशेब नाशिकच्या हिऱ्याच्या वजनांत मांडून पाहावा : सुमारे ९०, मग ८०.५९, मग ४३.३८. प्रत्येक वेळी परीक्षकाला तो अधिक चांगला वाटला होता.